पोस्टातली दोन खाती

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पोस्टमन घरी येऊन अंगठा घेतो न् पैसे देतो, ते खातं आणि माझं पोस्टाचं पासबुक एकच ना?" नाही, ती दोन वेगळी खाती आहेत. का, ते समजायला पोस्टाची गोष्ट थोडी मागून सांगते.

पूर्वी पत्र जितकं लांब जाणार, तितके पैसे जास्त पडायचे. १८५४ पासून देशभर एकच दर झाला. अर्ध्या आण्याचं तिकीट लावलं की हलकं पत्र कुठंही जाऊ लागलं. १८७९ मध्ये पोस्टकार्ड आलं, १८८० मध्ये मनीऑर्डर. मुंबईला, सुरतेला कामाला गेलेल्या माणसाचे पैसे पोस्टमन थेट घरी मोजून देऊ लागला. १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक निघाली. आपलं पासबुक तिचंच.

आपल्याकडे पिंप्री, वडगाव नावाची गावं किती! त्यातून होणारा पत्रांचा घोळ टाळायला १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. ही कल्पना मराठी माणसाची, श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. जळगाव शहराचा ४२५००१, धुळ्याचा ४२४००१.

१ सप्टेंबर २०१८ ला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली. 'लाडकी बहीण'साठी आपल्यातल्या बऱ्याच जणींनी खातं काढलं, ते हिचं. त्यावर क्यूआर कार्ड मिळतं. आवर्त ठेव, म्हणजे आरडी, मात्र बचत बँकेची. ती महिना १०० रुपयांपासून, पाच वर्षांची असते.

आता तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पैसे भरले की पासबुकात नोंद किंवा पावती घ्या, 'नंतर लिहू' यावर थांबू नका. अंगठा ठेवण्याआधी रक्कम मोठ्यानं विचारा, कारण आधार जोडलेल्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यातूनही अंगठ्यावर पैसे निघतात. आणि दोन्ही खात्यांना वारस लावला आहे का, ते बघा.

पुढच्या बैठकीला पासबुक आणि कार्ड दोन्ही घेऊन या. कुठल्या खात्यात किती आहे, ते प्रत्येकीनं स्वतः वाचून सांगायचं. वाचता येत नसेल, तर शेजारची मैत्रीण वाचून दाखवेल.