दोन दिवसांच्या मुदतीने बदललेली वेळ

सरकारने कर वाढविला, तर कोणी तो भरतो आणि कोणी चुकवितो. राज्यकारभार तरीही चालतो. घड्याळाचा काटा हलविण्याचा हुकूम मात्र सर्वांनी एकाच क्षणी पाळावा लागतो, नाहीतर त्याला अर्थच उरत नाही. लेबाननमध्ये २०२३ च्या मार्चमध्ये नेमके हेच घडले.

त्या देशात मार्चमधील अखेरच्या रविवारच्या आदल्या शनिवारची मध्यरात्र होताच घड्याळे एक तास पुढे नेतात. त्या वर्षी तो शनिवार २५ तारखेला होता. गुरुवारी, २३ तारखेला, काळजीवाहू पंतप्रधान नजीब मिकाती यांनी हा बदल एप्रिलच्या २० तारखेपर्यंत लांबणीवर टाकला. सभापती नबीह बेरी यांच्याशी झालेल्या संभाषणाची चित्रफीत बाहेर आली, तेव्हा रमजानचा उपवास घड्याळात सातऐवजी सहाला सुटावा, हा हेतू उघड झाला. (सूर्यास्त काही त्यामुळे अलीकडे येणार नव्हता.) मारोनाइट चर्चने आणि काही दूरचित्रवाणी केंद्रांनी हुकूम धुडकावला. राष्ट्रीय विमान कंपनीने घड्याळे जुन्या वेळेवर ठेवली, उड्डाणे मात्र नव्या वेळेच्या हिशेबाने. हा निर्णय मंत्रिमंडळापुढे आलेलाच नसल्याने वैध नाही, शाळा नव्या वेळेने भरतील, असे खुद्द शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केले! बापाची कचेरी एका वेळेवर आणि मुलाची शाळा दुसऱ्या वेळेवर, अशी स्थिती एकाच शहरात उद्भवली. अखेर २७ तारखेला मंत्रिमंडळाने माघार घेतली आणि २९ च्या मध्यरात्री काटे पुढे सरकले.

या प्रकाराला धार्मिक तेढीचे रूप आले, हे खरे. परंतु आमच्या मते मूळ दोष मुदतीचा होता. आजची घड्याळे माणसाच्या हातात राहिलेली नाहीत. मोबाइल आणि संगणक देशोदेशींच्या वेळेच्या नियमांचा एक कोष बाळगतात. तो कोष मूठभर स्वयंसेवक सांभाळतात. त्यांनी २३ मार्चला लेबाननचा नियम बदलला आणि २८ मार्चला पूर्ववत केला. परंतु असा बदल प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचण्यास आठवडे लागतात. म्हणूनच त्या रविवारी अनेकांचे मोबाइल सरकारला न विचारता पुढे गेले. मोरोक्कोने २०१८ साली असाच निर्णय दोन दिवस आधी घेतला. इजिप्तने २०१६ साली ठरलेला बदल तीन दिवस आधी रद्द केला.

मुंबईकरांना दोन वेळा नव्या नाहीत. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई महापालिकेने ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' पुढे अनेक दशके सोडली नाही. त्या काळचा कारकून ही ३९ मिनिटे मनात धरून आगगाडी गाठू शकत असे. यंत्राला अशी मनातली वजाबाकी जमत नाही. त्याला नियम आगाऊ सांगावा लागतो.

आपल्याकडे ईशान्य भारतासाठी स्वतंत्र वेळेची मागणी जुनी आहे, आणि आसामचे चहामळे तासभर पुढची 'बागान वेळ' पाळतातच. ती मागणी कधी मान्य झालीच, तर राजपत्रातील घोषणा आणि अंमल यांत किमान एक वर्षाचे अंतर असावे, आणि संक्रमणाच्या महिन्यात परीक्षेच्या प्रत्येक सूचनेवर 'जुनी वेळ' की 'नवी वेळ' हे छापणे सक्तीचे करावे.