सात मिलिमीटरची शंका

पुण्यतिथीच्या अंकासाठी मोझरीवर काहीतरी द्या, पण खंजिरी, ग्रामगीता, सामुदायिक प्रार्थना हे दरसालचं नको, असं संपादकांनी बजावलं होतं. तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 रोजी मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात वारले ते कॅन्सरनं. पुण्यतिथीला बरोबर 4 वाजून 58 मिनिटांनी मौन पाळणाऱ्या गर्दीला हे ठाऊक असतं, लिहीत मात्र सहसा कुणी नाही. नागपुरातल्या प्रादेशिक कॅन्सर रुग्णालयाला महाराजांचंच नाव आहे. आपल्या भागात कुणाला गाठ निघाली आणि ‘लाईट’, म्हणजे किरणोपचार, घ्यायला सांगितली, की बरेच जण तिकडची एसटी धरतात.

महाराज गेले त्या काळात आपल्याकडे लाईट म्हणजे कोबाल्टचं यंत्र. अमेरिकेत हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनवर मात्र 1961 पासून माणसांवर प्रोटॉनचे उपचार सुरू झाले होते. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा. रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञानं 1946 मध्येच सुचवलं होतं, की हा कण गाठीवर मारावा. महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेला हा माणूस. त्याचं सुचवणं आपल्याकडे पोचायला सत्तरहून जास्त वर्षं लागली. 2019 मध्ये चेन्नईत अपोलोचं केंद्र उघडलं, आणि 11 मे 2023 रोजी टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ‘ॲक्ट्रेक’ या केंद्राच्या आवारातली प्रोटॉन सुविधा राष्ट्राला अर्पण झाली. सरकारी कागदावर तिचं नाव ‘नॅशनल हॅड्रॉन बीम थेरपी फॅसिलिटी’ असं भारदस्त आहे. टाटा रुग्णालयाचा बाकीचा इतिहास, म्हणजे 1941 मध्ये परळला सुरुवात आणि 1962 पासून अणुऊर्जा खात्याकडे कारभार, कुठंही वाचायला मिळतो. मला यंत्राबद्दल सांगायचं आहे.

यंत्र बेल्जियमच्या आयबीए कंपनीचं. त्याचा गाभा म्हणजे सुमारे 220 टनांचा सायक्लोट्रॉन. त्यात हायड्रोजन वायू सोडतात, प्रोटॉन सुटे करतात आणि चुंबकाच्या जोरावर गोल गोल फिरवत वेग देतात. बाहेर पडताना त्यांचा वेग प्रकाशाच्या सुमारे साठ टक्के झालेला असतो. एवढ्या जोरानं निघालेला प्रोटॉन शरीरात तीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. गाठ बाराच सेंटिमीटरवर असेल तर? हा सायक्लोट्रॉन एकाच जोरानं कण फेकतो, कमी-जास्त करत नाही. म्हणून वाटेत पदार्थाचा हवा तेवढा जाड अडथळा आणून कणांचा जोर उतरवतात, भरकटलेले गाळून टाकतात आणि उरलेल्यांना चुंबकांच्या रांगेतून उपचाराच्या खोलीकडे वळवतात.

खोल्या तीन, सायक्लोट्रॉन एक. एका खोलीत झोत चालू असला की दुसरीतल्या रुग्णानं थांबायचं. प्रत्यक्ष झोत मिनिट-दोन मिनिटांचा. बाकीचा वेळ रुग्णाला कालच्याच जागी, कालच्याच कोनात झोपवण्यात जातो.

त्या खोलीत रुग्णाला दिसतं ते फारसं काही नाही. स्वच्छ गोल भिंत, तीतून पुढे आलेलं तोंड आणि यंत्राच्या हातावर हलणारं टेबल. खरा कारभार मागच्या बाजूला असतो. तिथं गँट्री असते, सुमारे शंभर टनांचा पोलादी सांगाडा, तीन मजले उंच. वळणावळणाचे चुंबक, केबलचे जुडगे आणि तोल सांभाळणारं वजन असं सगळं घेऊन तो रुग्णाभोवती पूर्ण फिरतो. एवढं धूड फिरूनही झोताचा नेम एका मिलिमीटरच्या आसपास राखावा लागतो. रोज पहिला रुग्ण यायच्या आधी भौतिकतज्ज्ञ झोत तपासतात: किती खोल गेला, कुठं पडला, मात्रा किती भरली. आकडे जुळले नाहीत तर उपचार सुरू होत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी, तर थांबण्यासाठी. नेहमीचा क्ष-किरण गाठीतून आरपार जातो आणि पलीकडचं निरोगी मांसही भाजतो. प्रोटॉनचं तसं नाही. मोटारसायकलवर सुसाट गेलेला पोरगा गल्लीत कुणाशी बोलत नाही. थकलेला म्हातारा शेवटच्या चार ओट्यांवर टेकत टेकत, प्रत्येकाशी बोलत जातो. प्रोटॉनही वेगात असताना वाटेतल्या पेशींना थोडीच ऊर्जा देतो, आणि वेग उतरला की जवळची सगळी शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये सोडून थांबतो. पलीकडे जवळपास शून्य. विल्यम ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फा कणांमध्ये हे पाहिलं होतं, म्हणून त्याला ब्रॅग शिखर म्हणतात.

इथपर्यंत ऐकलं की माणूस भारावतो. मीही भारावलो. पण हा झोत कुठं थांबेल, हे ठरवायचं कशावरून? सीटी स्कॅनवरून. सीटी सांगतो ते क्ष-किरणांचं शोषण. त्यावरून प्रोटॉनला अडवण्याची शक्ती काढायची, म्हणजे अंदाज आला. या अंदाजात साधारण साडेतीन टक्के चूक धरण्याची पद्धत आहे. वीस सेंटिमीटर खोलीवर ती सात मिलिमीटर होते. पोलादी गँट्री एका मिलिमीटरला जपते आणि माणसाच्या आत सात मिलिमीटरची शंका उरते! म्हणून अनेक डॉक्टर नाजूक अवयवाच्या अगदी उंबरठ्यावर झोत थांबवण्याचा मोह टाळतात, झोत बाजूनं आणतात. ज्या गुणासाठी एवढं यंत्र उभारलं, त्याच्यावर डोळे मिटून विसंबायचं नाही, हा इथला शिरस्ता मला फार आवडला.

शिवाय शरीर स्थिर नसतं. नाकाच्या पोकळीत शेंबूड साचला, रुग्णाचं वजन उतरलं, गाठच आकसली, की झोताची वाट बदलते. म्हणून मधेच पुन्हा सीटी काढून आराखडा नव्यानं बांधतात. डोक्याच्या रुग्णाचा चेहरा हलू नये म्हणून गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तोंडावर दाबून साचा करतात. रोज तोच साचा, टेबलाला घट्ट बसवलेला. लहान मूल हे कसं सोसणार? फार लहानांना अनेकदा दररोज भूल द्यावी लागते.

आणि प्रोटॉनचा खरा फायदा बहुतेक याच मुलांना आहे. मेंदूतली गाठ, कवटीच्या तळाची गाठ, पाठीच्या कण्यालगतची गाठ. जिथं वाढत्या मेंदूवर पडलेला फाजील किरण पुढची साठ वर्षं पुरतो, तिथं. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर मात्र अमेरिकेत प्रोटॉन आणि आधुनिक क्ष-किरण यांची समोरासमोर तुलना झाली, तिचा निकाल 2024 मध्ये आला: आतड्याच्या त्रासात फरक दिसला नाही. महाग यंत्र सगळ्यांनाच लागतं, असं कुणी सांगितलं तर जरा सबुरीनं घ्यावं.

मोझरीच्या फाट्यावर एक ताई भेटल्या. दिराला तोंडाचा कॅन्सर. ‘‘नागपूरले लाईट सुरू हाये जी, तेहतीस दिवसाची. मुंबईले नवी मशीन आली म्हणते, थे आमच्या कामाची हाये काजी?’’ मी म्हणालो, ताई, ते डॉक्टरांनाच विचारा, पण बहुधा नाही. गालाच्या आतल्या कॅन्सरला आधी शस्त्रक्रिया आणि मग साधी लाईट हाच रुळलेला मार्ग आहे. तो वेळेवर मिळणं यंत्राच्या जातीपेक्षा मोठं. राज्यात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली; पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिलेला खर्रा अजून हातात पडतो. तोंड तीन बोटांएवढं उघडेनासं झालं, तरी माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही.

वऱ्हाडातल्या एखाद्या पोराला प्रोटॉनच लागले, तर त्याच्या बापापुढच्या अडचणी निराळ्या. खासगी केंद्रात खर्च वीस लाखांच्या पुढे जातो, म्हणून आशा टाटावर. तिथं यंत्र एकच, निवड डॉक्टरांच्या बैठकीत, आणि देशभरची पोरं रांगेत. रात्रीची अमरावती एक्सप्रेस धरायची. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला पाऊण. ठाण्याला उतरून पनवेल लोकल, मग खारघर. राहायचं कुठं? परळच्या रुग्णांसाठी दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या बाबांची. खारघर मात्र तिथून लांब, आणि भूल द्यायचं पोर उपाशी घेऊन रोज एवढा प्रवास कसा करायचा? म्हणून जवळचीच खोली शोधावी लागते. उपचार आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. ते ऐन सोयाबीन काढणीत आले तर शेत कुणाच्या भरवशावर टाकायचं, हेही निघण्याआधीच ठरवावं लागतं.