नवं स्टिअरिंग, जुनी गाडी

मुलांनो, समजा, बाबांनी आपल्या जुन्या गाडीला त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलचं, रेडिओची बटणं असलेलं स्टिअरिंग बसवलं. चाक फिट्ट बसलं, पण बटणं मात्र गप्प! असं का बरं?

स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे ३ फेरे फिरतं. साधी वायर जोडली, तर ती पिळवटून तुटेल. म्हणून चाकामागे 'क्लॉक स्प्रिंग' नावाची चपटी डबी असते. तिच्यात फितीसारखी वायर जिलेबीच्या वेढ्यांप्रमाणे गुंडाळलेली असते. चाक फिरलं, की वेढे आवळतात किंवा सैल होतात; फीत तुटत नाही. जुन्या गाडीत ही डबी आणि पुढच्या वायरी नसतील, तर बटणांचा निरोप रेडिओपर्यंत पोचणार कसा?

ही डबी बरोबर मध्यावर जुळवून बसवावी लागते. नाहीतर गाडी पूर्ण वळवताना फीत तुटते. आणि गंमत नव्हे हं, एअरबॅगची वायरही याच डबीतून जाते! भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. तेव्हा पालकहो, हे काम घरी करू नका. जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या. बटणांची हौस नंतर, जीव वाचवणारी वायर आधी!