तुमचा रविवार कुणी मिळवला?

रविवारी दहा वाजेपर्यंत लोळत पडता ना? मग एक नाव लक्षात ठेवा : नारायण मेघाजी लोखंडे. आधी मुंबईच्या गिरणीत स्टोअरकीपर, मग ‘दीनबंधू’चे संपादक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. तेव्हा गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टीच नव्हती. १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. सहा वर्षं ते मागे हटले नाहीत. अखेर १० जून १८९० रोजी सुट्टी मंजूर झाली. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांसाठी धावपळ करताना प्लेगनेच ते गेले.

येत्या रविवारी जेवण मागवाल, तेव्हा दारात आलेल्या डिलिव्हरीवाल्या दादाला विचारा, “तुमची सुट्टी कधी असते?”