निम्मा शिल्लक राहिलेला टायर

"कंपनीच म्हणते, हवा गेली तरी ८० किलोमीटर चालतो. मी तर औशाहून निलंग्यालाच आलो, निम्मेपण झाले नाहीत. म्हणजे टायर अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. पंक्चर काढा, हवा भरा, झालं."

रनफ्लॅट टायरबद्दलच्या गैरसमजांत हा सगळ्यात चिवट. त्यात आकडा आहे, वजाबाकी आहे, वर कंपनीचं नाव आहे; त्यामुळं बोलणाऱ्याला आपण शास्त्रशुद्ध बोलतोय असं वाटतं. बोलणारा बहुतेक वेळा पुण्याहून किंवा हैदराबादेहून सेकंडहँड बीएमडब्ल्यू नाहीतर मिनी घेऊन आलेला असतो. डिकी उघडली तर आत स्टेपनी नाही. विकणारा म्हणतो, "रनफ्लॅट आहेत, पंक्चरची चिंताच सोडा." हा बिचारा खरंच सोडतो. मग उसाच्या हंगामात ट्रॉलीचा एखादा खिळा नाहीतर बाभळीचा काटा टायरात शिरतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी न थांबता गावात येते.

तो ८० चा आकडा आधी नीट पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या टायरविषयक नियम क्रमांक ३० मध्ये रनफ्लॅटची व्याख्या आहे: हवा नसताना निदान ताशी ८० किलोमीटर वेगानं निदान ८० किलोमीटर मूलभूत काम करू शकेल तो टायर. ही माणसांना सुखरूप ठिकाणावर पोहोचवण्याची अट आहे. पोहोचल्यावर तोच टायर पुन्हा वापरायचा, असं त्यात कुठंच नाही. ८० किलोमीटर म्हणजे मोबाइलमधला बॅलन्स नव्हे, की तीस वापरले आणि पन्नास उरले.

शिवाय हा आकडा अचलही नाही. बीएमडब्ल्यूच्या जुन्या थ्री सिरीजच्या पुस्तिकेत हवा गेल्यावरचं अंतर ओझ्यानुसार दिलेलं होतं: एकदोन माणसं आणि सामान नाही तर सुमारे २५० किलोमीटर, चार माणसं असतील तर १५०, गाडी पूर्ण भरलेली असेल तर जेमतेम ५०. तोच टायर, आणि फरक पाचपट. आता लग्नाला निघालेली पाच माणसं, डिकीत आहेराच्या पिशव्या, वर मे महिन्यातली लातूरची चाळिशीपार दुपार, एवढं सगळं त्या वजाबाकीत कुठं बसवणार?

खरं नुकसान आत होतं. साध्या टायरात गाडीचं वजन मुख्यतः हवा पेलते. रनफ्लॅटमध्ये साइडवॉलच्या आत कडक रबराचा जाड थर दिलेला असतो; हवा गेली की वजन त्याच्यावर येतं. चाक फिरताना दर फेरीला तो थर दबतो आणि सुटतो. किलोमीटरभरात असं जवळपास पाचशे वेळा होतं. रबर वाकवलं की तापतं, आणि हवा नसलेल्या टायरात ते वाकणं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. त्या उष्णतेनं रबराचे गुण बदलतात, आतल्या धाग्यांवरची त्याची पकड सुटू लागते. टायर थंड झाला म्हणून रबर पूर्ववत होत नाही.

आणि यातलं बाहेरून काहीच दिसत नाही! साधा टायर बसला की रस्त्यावरचं पोरगंसुद्धा हात करून सांगतं. रनफ्लॅट हवेविना जवळजवळ तसाच उभा दिसतो. टायरला लाथ मारून हवा ओळखणाऱ्यांची विद्या इथं कामाची नाही. पंक्चर काढून हवा भरली की टायर ठणठणीत वाटतो आणि दोनतीन महिने चालतोही. पुढं कधीतरी ताशी शंभरच्या वेगात ती कमजोर झालेली बाजू फाटली, तर त्या जुन्या पंक्चरची आठवणही कुणाला येत नाही.

म्हणून दुरुस्त करायचा की बदलायचा, हे ठरवताना पहिला प्रश्न भोकाचा नाही. हवा जाऊन टायर किती चालला, हा आहे. दिवा लागताच गाडी बाजूला घेतली, गेज लावलं आणि ३२ ऐवजी २६ दिसलं, तर टायर हवेवरच चालत होता. दुरुस्तीचा विचार करायला हरकत नाही. गेज शून्याजवळ आहे आणि गाडी गावापर्यंत आणलीय, तर तो टायर गेला. या दोन्हींच्या मध्ये असेल तर रिमवरून उतरवून आतून बघायचं. आत रबराचा काळा भुगा, साइडवॉलवर आतून गोलाकार सुरकुत्या, घासलेला किंवा रंग बदललेला पट्टा, यातलं एकही दिसलं तरी बदला. काहीच दिसलं नाही, पण किती चालला ते कुणालाच सांगता येत नाही, तरीही बदला.

यावर लोक म्हणतात, दिवा लागला तेव्हापासूनचं अंतर मोजलंय. पण तो दिवा कधी लागला? बऱ्याच जुन्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सरच नसतो. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि जास्त फेरे घेतं, त्यावरून गाडी अंदाज बांधते. त्याला वेळ लागतो. तो दिवा ‘काहीतरी बिघडलंय’ एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. म्हणून रनफ्लॅटवाल्यानं गाडीत गेज आणि बारा व्होल्टचा छोटा पंप ठेवलाच पाहिजे. हवा हळू जात असेल तर खिळा न उपसता मध्येमध्ये हवा भरत लातूर गाठता येतं, आणि टायर हवेविना चालतच नाही. पंधरा-वीस हजारांच्या पुढचा टायर दोनेक हजारांच्या पंपानं वाचतो.

आता उलट्या बाजूचा गैरसमज. मोठ्या शहरातल्या काउंटरवर तो टाय लावून सांगितला जातो: "सर, रनफ्लॅटचं पंक्चर निघतच नाही." निघतं. मिशेलिन आपल्या झेडपी टायरला आतून तपासणी करून दुरुस्तीची परवानगी देते. कॉन्टिनेंटल आपल्या एसएसआर टायरची दुरुस्ती करू नका म्हणते. कारण तेच, आधी कमी हवेवर चालून तो कमजोर झालाय का हे खात्रीनं सांगता येत नाही. म्हणजे उत्तर ब्रँडनुसार बदलतं. टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचायची (आरएफटी म्हणजे ब्रिजस्टोन, आरओएफ म्हणजे गुडइयर) आणि त्या कंपनीचं म्हणणं बघायचं. सगळ्यांना एकच उत्तर देणाऱ्याला टायर विकायचा असतो.

दुसऱ्या टोकाला आपला पंक्चरवाला. "नवा कशाला टाकायलाव मालक, पट्टी हाणतो की." त्याच्या हातावर माझा विश्वास आहे, पट्टीवर नाही. बाहेरून सुईनं खुपसलेली रबराची पट्टी टायर न उतरवताच बसते, म्हणजे आत बघण्याचा प्रश्नच मिटला. अमेरिकेतल्या टायर उत्पादकांच्या संघटनेचा दंडक असा: भोक फक्त ट्रेडच्या मधल्या भागात असावं, सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नसावं, टायर रिमवरून उतरवून आतून पाहावा, आणि भोक भरणारा दांडा व आतून चिकटणारा पॅच दोन्ही लागावेत. आपल्याकडं त्याला मशरूम पॅच म्हणतात. नुसती पट्टी किंवा नुसता पॅच त्यांना मान्य नाही. हे साध्या ट्यूबलेस टायरलाही लागू आहे, पण रनफ्लॅटमध्ये आत बघणं टाळणं म्हणजे निर्णयच टाळणं. आणखी एक: रनफ्लॅटची कड ताठ असते. टामीनं ओढून काढताना ती चिरली, तर पंक्चर राहिलं बाजूला, टायर तिथंच बाद. मदतनीस हात असलेलं मशीन ज्या दुकानात आहे तिथंच जावं, त्यासाठी लातूर गाठावं लागलं तरी.

बाकीचे गैरसमज किरकोळ.

‘आत ट्यूब टाकली की झालं.’ बिलकूल नाही. ट्यूब आत घासून तापते आणि खराब झालेली साइडवॉल तशीच राहते.

‘नायट्रोजन भरला की पंक्चर होत नाही.’ साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि खिळ्याला दोन्ही सारखेच.

‘बाटलीतलं सीलंट म्हणजे दुरुस्ती.’ ते दुकानापर्यंत पोहोचण्यापुरतं.

‘एक गेला की चारही बदला.’ एकाच ॲक्सलवरची जोडी सारखी असावी, एवढं बहुतेक गाड्यांना पुरतं. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत मात्र घेरातला फरक गिअरयंत्रणेला महागात पडतो, तिथं पुस्तिका बघा.

‘स्टेपनी नाही म्हणून आरटीओ दंड करतो.’ केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये दुरुस्ती झाली: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर प्रवासी कारला स्टेपनीची सक्ती नाही.

‘विम्यातून मिळेल.’ नेहमीच्या पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान भरून मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच मिळतं, तेही टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत. टायरचं वेगळं संरक्षण विकत घेता येतं, पण साधं पंक्चर काढण्याचा खर्च त्यातून सहसा वगळलेला असतो, आणि हवा नसताना चालवून टायर खराब केला तर काय, ते कलम सही करण्याआधी वाचून घ्यावं.