बदामी : वाळूचा झालेला कडा

कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यातील बदामी मराठी वाचकाला बनशंकरीमुळे आणि चालुक्यांच्या लेण्यांमुळे परिचित असते. मात्र ही लेणी ज्या तांबूस कड्यात कोरली आहेत, त्या कड्याकडे पाहण्याची सवड प्रवाशांना सहसा होत नाही. अजिंठ्याचा दगड लाव्हा थिजून झालेला आहे, तर बदामीचा खडक गाळाचा, म्हणजे जुन्या खडकांची झीज होऊन सुटलेले कण पाण्याने वाहून आणले, थरांवर थर साचले आणि वरच्या भाराने दाबले जाऊन, फटींत उतरलेल्या सिलिका व लोहाच्या ऑक्साइडांनी सांधले गेले, त्यांतून घडलेला आहे. त्याची लाली या लोहाची असून कण मुख्यतः गारगोटीचे आहेत, कारण फेल्डस्पारसारखी खनिजे लांबच्या प्रवासात कुजून जातात आणि गारगोटी तेवढी टिकते.

अशा कणजन्य खडकांचे वर्गीकरण कणांच्या आकारावरून होते. दोन मिलिमीटरहून मोठे गोटे असलेला तो पिंडाश्म (गोटे टोकदार असल्यास कोणाश्म), त्याखाली एक-षोडशांश मिलिमीटरपर्यंतच्या वाळूचा तो वालुकाश्म आणि त्याहून बारीक चिखलाचा तो पंकाश्म, ज्याचे पातळ पापुद्रे सुटत असल्यास त्याला शेल म्हणतात. दुसरा मोठा वर्ग पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांपासून रासायनिक क्रियेने किंवा जीवांच्या साहाय्याने बनलेल्या खडकांचा. बागलकोट परिसरात सिमेंटसाठी खणला जाणारा चुनखडक याच वर्गातला आहे.

बदामीच्या तिसऱ्या, विष्णूच्या लेण्यात शके ५००चा, म्हणजे इ.स. ५७८चा मंगलेशाचा लेख आहे. तो वाचणाऱ्याने खांबांवरचे रंगीत पट्टेही निरखावेत, कारण शिल्पकाराने कितीही नक्षी काढली तरी गाळाचे मूळ थर पुसले गेलेले नाहीत. कड्यात काही ठिकाणी हे थर मुख्य थराशी तिरपे दिसतात. त्यास तिर्यक स्तरण म्हणतात : प्रवाहाने ढकललेली वाळू उंचवट्याच्या पलीकडच्या उतारावर घसरून साचते, त्यामुळे तिरप्या थरांच्या उतारावरून त्या प्राचीन प्रवाहाची दिशा सांगता येते.

भूवैज्ञानिक या सर्व खडकांना कलादगी महासंघात घालतात. त्यातले खालचे थर घड्या पडून झिजल्यानंतर बदामीचे थर त्यांच्यावर जवळजवळ आडवे साचले असून, दोहोंमधील या खंडास विसंगती म्हणतात. सिंधुदुर्ग आणि दक्षिण कोल्हापुरात बेसॉल्टखालून काही ठिकाणी वर आलेले गाळाचे खडक याच महासंघाचे आहेत.