चतुर्थीच्या आधी देतो

बेळगावहून खानापूर, लोंढा करत अनमोड घाटाने गोव्यात उतरणारा रस्ता पावसाळ्यात गाड्यांची परीक्षा पाहतो. खड्डे, चिखल, अरुंद वळणावर समोरून घासून जाणारे ट्रक. त्यामुळे ऑगस्टमध्ये या पट्ट्यातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे गर्दी होते आणि बहुतेकांची मागणी एकच असते: गाडी चतुर्थीच्या आधी पाहिजे. पेंटरही शब्द देतो, ‘आठ दिवसांत देतो.’ हा शब्द खरा धरायचा की नाही हे ठरवताना लोक पेंटरचं नाव पाहतात आणि दिवसांचा आकडा पाहतात. या दोन्हींवरून फारसं काही कळत नाही, असं माझं मत आहे. तेच आठ दिवस एका ठिकाणी पुरेसे असतात आणि दुसऱ्या ठिकाणी अशक्य. पाहायचं ते एवढंच, की त्या आठ दिवसांत गाडी हात न लावता किती वेळ ठेवायची आहे, आणि तो वेळ पेंटरने मोजला आहे का.

पूर्ण गाडी रंगवायची म्हणजे आधी ती खोलायची: बंपर, दिवे, दारांची हँडलं, बीडिंग, आरसे. मग डेंटिंग, मग पुट्टी. पुट्टीत हार्डनर मिसळला की ती साधारण अर्ध्या तासात घासण्याजोगी होते. पण ती एकदा लावून भागत नाही. लावायची, घासायची, हात फिरवून खळगा शोधायचा, पुन्हा लावायची. त्यावर प्रायमर, तो वाळला की पुन्हा बारीक पेपरने घासाई. मग कागद-टेप लावून बेस कोट आणि त्यावर क्लिअर. हे शेवटचं काम, मधले दहा-दहा मिनिटांचे थांबे धरूनही, अर्ध्या दिवसात उरकतं. गिऱ्हाईक ‘पेंटिंग’ म्हणतं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हाच अर्धा दिवस असतो. क्लिअर वाळल्यावर मात्र पॉलिश आणि खोललेलं सगळं परत बसवणं उरतंच. माझ्या हिशेबाने दोन माणसं एकाच गाडीवर बसली, पत्रा फारसा कुजलेला नसला आणि हवा कोरडी असली तर हे नऊ-दहा दिवसांचं काम आहे. आठ दिवस म्हणजे ओढूनताणून, पण जमण्यासारखे.

हवा कोरडी असली तर. लोंढ्याच्या पावसाळ्यात अडतं ते इथेच. रंगकामात एक साधा ठोकताळा आहे: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर हवं. हवा २५ अंशांवर आणि आर्द्रता ९५ टक्के असली, तर दवबिंदू २४ च्या आसपास येतो. पत्रा हवेइतकाच गार, म्हणजे फरक जेमतेम एका अंशाचा. त्यात स्प्रे गनमधून उडालेला थिनर सुकताना पत्र्याची उष्णता घेऊन जातो, पत्रा आणखी गार होतो आणि ओल्या रंगावर बाष्प बसतं. चकाकी मरते, रंगावर दुधी सावट येतं. क्लिअरमधला हार्डनर पाण्याशी संयोग पावला की वायू सुटतो आणि बारीक फुगे धरतात. यावर उपाय म्हणून सावकाश उडणारा थिनर वापरतात, पण त्याने वाळायला जास्त वेळ लागतो. पुट्टीचं दुखणं याहून चोरटं असतं. ती पाणी शोषते. पाणी मारून घासलेली पुट्टी उन्हाळ्यात लवकर सुकते. पावसात तीच ओल पोटात घेऊन रंगाखाली जाते, आणि गाडी घरी गेल्यावर कित्येक आठवड्यांनी वर फोड येतो. घाईने एकावर एक कोट चढवले तरी दोष असाच उशिरा दिसतो: आत अडकलेला थिनर हळूहळू निघतो, थर खाली बसतो आणि पुट्टीच्या कडांच्या रेघा उमटतात. चतुर्थीच्या दिवशी मात्र ही गाडी चकचकीतच दिसते. म्हणून ताब्यात घेताना दिसणारी चमक हा तारीख योग्य होती याचा पुरावा मी मानत नाही.

यावर कोणी म्हणेल, बेळगावातल्या मोठ्या वर्कशॉपात तीन दिवसांत गाडी मिळते, मग इथेच दहा का? त्या तीन दिवसांत बहुधा एक बंपर नाहीतर एखादं दार झालेलं असतं, पूर्ण गाडी नव्हे, तुलनाच चुकीची. अशा वर्कशॉपातल्या रंगकामाच्या बंदिस्त बूथचा फायदा खरा आहे. गाळलेली गरम हवा, पत्रा ६० अंशांवर अर्धा तास ठेवला की क्लिअर हाताळण्याजोगा होतो, बाहेरच्या पावसाशी संबंध राहत नाही. पण बूथ घासाई करत नाही, डेंट काढत नाही, खोललेली गाडी जोडत नाही. दहाचे सात होतील, तीन होणार नाहीत. कारखान्यात तर यापेक्षा लवकर होतं, हाही मुद्दा काढला जातो. तिथे रंगतो तो नुसता सांगाडा. ना वायर, ना रबर, ना गाद्या, म्हणून भट्टी १४० अंशांच्या घरात नेता येते. आपल्या गाडीला ती उष्णता दिली तर प्लास्टिक वितळेल. पत्र्याच्या शेडमधला पेंटर हॅलोजनचे दिवे लावतो, त्याला मी कमी लेखत नाही, पण त्यांनी एका वेळी एकच दार तापतं.

याचा अर्थ जास्त दिवस मागणारा पेंटर आपोआप प्रामाणिक ठरतो, असंही नाही. महिनाभर गॅरेजात उभी असलेली गाडी महिनाभर वाळत नसते. बरेचदा ती रांगेत असते. मोटार विम्याच्या नियमांत रंगकामाच्या एकत्रित बिलातला मालाचा वाटा २५ टक्के धरला जातो. म्हणजे विम्यानेही हे काम मुख्यतः हातांचं मानलं आहे. एकाच पेंटरने चतुर्थीसाठी सहा गाड्यांचे ॲडव्हान्स घेतले असतील, तर हात तेवढेच राहतात आणि प्रत्येक मालकाला दिलेली तारीख खोटी पडते. म्हणून ‘किती दिवस?’ यापेक्षा ‘माझ्याआधी किती गाड्या आहेत आणि माझी गाडी प्रायमरमध्ये कधी येईल?’ हा प्रश्न जास्त कामाचा. ज्याने हिशेब केला आहे तो वार सांगतो: बुधवारपर्यंत पुट्टी, शनिवारी प्रायमर, पाऊस धरला तर सोमवार. ज्याने केलेला नाही तो म्हणतो, ‘काळजी करू नका.’

असं विचारणं म्हणजे कारागिरावर अविश्वास दाखवणं, असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. वर्षानुवर्षं गन धरलेला माणूस हवेचा अंदाज आपल्यापेक्षा चांगला करतो, पण गिऱ्हाईकाच्या रेट्यापुढे तो अंदाज गिळून आठ दिवस कबूल करतो. वाळवण्याच्या दिवसांबद्दल आपण आधी विचारलं, तर त्याला ते मागता येतात. मग बोलणंही वेगळं होतं: चतुर्थीआधी फक्त खरचटलेलं दार आणि बंपर उरकून घ्या, जिथे उघडा पत्रा गंजतोय तिथे प्रायमर मारून ठेवा, आणि पूर्ण गाडी दिवाळीनंतर, हवा सुकल्यावर आणा.